हाताचा गुण

वारंवार गर्भपात झालेल्या बाईला पुढच्या खेपेला मूल झालं, की डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं घरचे म्हणतात आणि डॉक्टरलाही ते पटतं. प्रसूतिशास्त्र शिकलेल्या माणसाने इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत कशाला जायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर या पटण्यापाशीच सुरू होतं. लागोपाठ तीन गर्भ पडल्यानंतरही निम्म्याहून अधिक बायकांची पुढची गर्भधारणा कोणत्याही खास उपचाराविना तडीस जाते. वयानुसार हे प्रमाण कमीजास्त होतं, इतकंच. म्हणजे गोळी द्या, इंजेक्शन द्या किंवा अंगारा लावा, बहुतेकदा यश पदरात पडणारच. अशा आजारात वर्षानुवर्षांच्या अनुभवाने डॉक्टरची खात्री वाढते, ज्ञान वाढतंच असं नाही.

मग सिद्धांतावर भिस्त ठेवावी का? तोही फसवतो. गर्भात निम्मी जनुकं बापाची. मग परक्याची त्वचा नाकारणारं शरीर हा निम्मा परका जीव नऊ महिने कसं सांभाळतं, हे कोडं पीटर मेदावर यांनी 1953 साली मांडलं. प्रश्न मोलाचा होता. पण त्यातून एक सोपा तर्क निघाला: गर्भपात म्हणजे आईने गर्भाला नाकारणं, तेव्हा नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी तिला टोचून ओळख करून द्यावी. 1985 साली लंडनमधल्या एका लहान चाचणीत उपचाराला यश दिसलं आणि तो देशोदेशी पसरला. 1999 साली मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मुदतीत दिवस न गेलेल्या बायकाही हिशेबात धरल्या, तेव्हा नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी 48 टक्के बायकांचा गर्भ अठ्ठावीस आठवड्यांपलीकडे टिकला. पेशी टोचलेल्यांमध्ये मात्र 36 टक्केच. 2002 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर हा उपचार करायला मनाई केली.

मूळ तर्क कुठे चुकला, ते गर्भाशयाच्या अस्तरातच सापडतं. पहिल्या तिमाहीत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के ‘नॅचरल किलर’ जातीच्या असतात. नाव मारेकऱ्याचं, पण वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद होण्यात त्यांचा हात असतो. 2004 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की आई आणि गर्भ यांच्या जनुकांच्या ज्या जोडीत या पेशींना फार आवर बसतो, तिथे प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढण्याच्या विकाराचा, धोका वाढतो. म्हणजे आईची प्रतिकारयंत्रणा दाबून टाकणं हा सरसकट उपाय नव्हेच. आणि हे उंदरावरून पुरतं कळत नाही, कारण उंदराची वार माणसाइतकी खोल रुजत नाही. त्यासाठी माणसाचीच वार आणि तिच्यासोबत त्या बाईची हकिगत लागते: बीपी केव्हा चढलं, बाळाची वाढ कुठे खुंटली. ती हकिगत लेबर रूममध्ये कळते.

एकाच माणसाला दोन्ही जमणार नाही, त्यापेक्षा दोघांनी जोडीने काम करावं, हा आक्षेप रास्त आहे. 1986 साली मुंबईत केईएममध्ये हर्षा या टेस्ट-ट्यूब बाळाचा जन्म झाला, तोही डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या एकत्र कामातूनच. पण जोडी जमायला दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याच्या प्रश्नातली मेख ओळखता आली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: समोर रडणाऱ्या बाईला चाचणीचे निकाल येईपर्यंत थांब म्हणायचं? थांबवायचं नाही, पण उपयोग ठाऊक नसलेलं औषध द्यायचंच, तर ते चाचणीत द्यावं, म्हणजे निदान पुढचीला तरी उत्तर मिळेल. असं उत्तर मिळतंही. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असलेल्या बायकांना नुसत्या ॲस्पिरिनऐवजी जोडीला हेपारिन दिलं, तेव्हा जिवंत बाळंतपणाचं प्रमाण 42 वरून 71 टक्क्यांवर गेलं, हे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. आरएच निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर 72 तासांत दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन आज इतकं नित्याचं झालंय, की त्यामागचं इम्युनॉलॉजी कुणाला आठवतही नाही.

म्हणून या वाटेला लागणाऱ्या रेसिडेंटला पेशी मोजायला शिकवण्याआधी मी एकच सवय लावू पाहीन: बाळ सुखरूप हाती आलं, की उपचार न करताही ते आलं असतं का, हे स्वतःला विचारायची. ज्याला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याने खुशाल संशोधनात यावं.