सागाच्या मुलखातून सालाच्या मुलखात

कोशाच्या किड्यांचे संगोपन शिकण्यासाठी रांचीजवळील नगडी येथील केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्थेत हजर व्हावे, असा कचेरीचा हुकूम निघाला, आणि भंडाऱ्याहून आधी पश्चिमेस नागपूरला जाऊन तेथून विमानाने पुन्हा भंडाऱ्यावरूनच पूर्वेकडे उडण्याचा विलक्षण योग माझ्या वाट्यास आला. सोनेगावच्या त्या विमानतळाला स्वतःचा इतिहास आहे. १९४९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालविमाने येथे मध्यरात्री जमून थैल्यांची अदलाबदल करू लागली, आणि चारी दिशांचे क्षेमकुशल नागपूरच्या मुक्कामी वाट बदलून पुढे रवाना होऊ लागले. आम्ही मात्र उजेडी निघालो.

आषाढाचे दिवस होते. विमान पुरते स्थिरावते न स्थिरावते तोच ढगांच्या विवरातून वैनगंगेचे गढूळ, विस्तीर्ण वळण दिसले; तिच्या आसपास मालगुजारांच्या अमदानीतले मामा तलाव, लहानसहान बोड्या, पऱ्ह्यांचे कोवळे हिरवे तुकडे आणि रोवणीसाठी चिखल करून ठेवलेल्या बांध्या पाण्याने लखलखत होत्या. ज्या आंधळगावच्या हातमागांची खटखट ऐकत माझे बालपण गेले, ते गाव त्यात कोठे होते हे ओळखण्यापूर्वीच जिल्हा संपला. विमानाविषयी माझी तक्रार आहे ती एवढीच, की ते माणसाला पोहोचवते, परंतु नेत नाही. हावड्याच्या आगगाडीने गेलो असतो, तर गोंदिया, रायपूर, बिलासपूर अशी स्थानके मागे टाकताना साग कोठे विरळ होत गेला आणि सालवृक्षांनी आपला अंमल कोठे बसविला, हे खिडकीशी बसून सावकाश पाहता आले असते. कलकत्त्यास विमान बदलून रांचीस उतरलो, तो एकदम सालाच्या मुलखातच.

सुमारे २,१०० फूट उंचीवरच्या त्या शहराची हवा आमच्या आषाढाहून सौम्य, माती मात्र तांबडीलाल. बाजारात रस्त्याकडेला बसलेल्या बायका मातीने माखलेल्या, सुपारीएवढ्या गोल अळिंब्या विकत होत्या. त्यांना तेथे रुगडा म्हणतात, आणि त्या सालाच्या मुळांशी उगवतात. पावसाळ्यात सात्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या अळिंब्यांसाठी, जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्या पूर्व विदर्भीयाला अपरिचित नगराशी सोयरीक जुळविण्यास याहून अधिक काय हवे?

वर्गात पहिल्याच व्याख्यानात टसर किड्याच्या प्रादेशिक जातींची नावे आली: दाबा, सुकिंदा, मोडल, रैली आणि भंडारा. माझ्या जिल्ह्याचे नाव तेथे जिल्हा म्हणून नव्हे, किड्याची जात म्हणून उच्चारले गेले, आणि हजेरीतला माझा पत्ता ज्यांनी ऐकला होता त्यांनी माना वळविल्या. शेजारी बसलेल्या सिंहभूमच्या एका वृद्ध संगोपकाने विचारले, “बाबू, तुमच्याकडे किडे कोण राखतात?” ढीवर राखतात, तलावात जाळी टाकणारेच ऐनाच्या झाडांवरचे किडे पाखरांपासून जपतात, असे सांगताच तो खळखळून हसला. मासे आणि किडे एकाच हातात ही गोष्ट त्याला मोठी नवलाची वाटली.

दुपारी सूक्ष्मदर्शक आले. अंडी घालून झालेल्या मादी पतंगाचे पोट कुटून तो द्रव भिंगाखाली पाहावयाचा. त्यात पेब्रिन रोगाचे लंबगोल, चमकदार कण आढळले, तर तिची सारी अंडी नष्ट करावयाची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील रेशीमउद्योग या रोगाने डबघाईस आला, तेव्हा लुई पाश्चरने घालून दिलेली ही रीत. म्हातारा भिंगावरून बराच वेळ हलला नाही. मागची रांग कुरकुरू लागली. अखेर त्याने मान वर केली आणि शिक्षकांना विचारले, हे यंत्र केवढ्यास मिळते, आणि दोन गावांनी मिळून एक घेतले तर चालेल काय.