ढोलीपासून सुरुवात

लहान मुलांना पक्ष्यांची ओळख करून देण्याच्या कामात घुबड हा विषय अवघड ठरतो, कारण चिमणी-कावळा मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहून शिकते, तर घुबड दिसण्याआधीच ते अपशकुनी असल्याचे घरातल्या मोठ्यांकडून त्याच्या कानावर पडलेले असते. ही भीती खोटी आहे, असे बजावून पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनातून ती जात नाही. मात्र घर म्हणजे काय हे त्याला पुरते कळत असल्याने, शिकवणाऱ्याने पक्ष्याच्या वटारलेल्या डोळ्यांऐवजी त्याच्या घरापासून आरंभ करणे अधिक फलदायी ठरते.

महाराष्ट्रात त्यासाठी दूर जावे लागत नाही. पिंगळा, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेले, साळुंकीएवढे लहान घुबड, आंबा, वड अशा जुन्या झाडांच्या ढोलीत, म्हणजे खोडात पडलेल्या पोकळीत राहते आणि तिन्हीसांजेला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसत असल्याने मुलांना दुरूनही दिसते. बदामी आकाराच्या पांढुरक्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड पडक्या वाड्यांत आणि जुन्या विहिरींच्या कपारींत आसरा घेते, तर डोक्यावर पिसांचे तुरे असलेले शृंगी घुबड नदीकाठच्या कड्यावर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. यांपैकी कोणीही सुगरणीसारखे घरटे विणत नाही, मिळालेल्या जागेतच संसार मांडते, हे एकदा उमगले की झाड तुटल्यावर पिंगळा कुठे जाईल हा प्रश्न मुले आपणहून विचारतात, आणि या विषयातील सर्वांत मोलाचा क्षण तोच असतो.

दुसरे उत्तम साधन म्हणजे घुबडाची गोळी. घुबड लहान भक्ष्य बहुधा अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची घट्ट गोळी करून ती तोंडावाटे बाहेर टाकते. वाळलेली आणि उष्णतेने निर्जंतुक केलेली अशी गोळी चिमट्याने उकलताना उंदराची कवटी, पिवळसर दात, इवल्याशा फासळ्या हाती लागतात; शेतातले उंदीर कोण खाते, याचे उत्तर मग सांगावे लागत नाही. या कामाला पुरेसा वेळ द्यावा, घाई करू नये.

थोड्या मोठ्या मुलांना रानपिंगळ्याची हकिगत जरूर सांगावी. 1884 नंतर नोंद न झाल्याने नामशेष समजला गेलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात पुन्हा आढळला, कारण त्याचे रान तिथे शिल्लक होते.

पिंगळ्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होत असल्याने त्या दिवसांत ढोलीत टॉर्च मारणे, मोबाइल धरणे किंवा मुलांना उचलून आत डोकावू देणे कटाक्षाने टाळावे. शाळेच्या आवारातील जुने, अर्धे वाळलेले झाड तोडण्याचा ठराव पुढे आला, तर शिक्षकांनी आधी त्यातली ढोली कोणाचे घर आहे, हे मुलांना सोबत घेऊन दुरून पाहावे.