निषेध आणि विधि

केवळ भयानें मनुष्याचें व्यसन सुटतें काय, हा प्रश्न शिक्षकास जन्मभर पडलेला असतो. आम्हांस तो सेवानिवृत्तीनंतर आमच्या घरांतच पडला. आमचे धाकटे बंधु तीस वर्षें सिगारेट ओढीत होते. मनुष्य सुशिक्षित, वाचनाचा शोकी. परंतु जें पाकीट दिवसांतून दहा वेळां हातीं येई, त्यावरील मजकूर मात्र त्यांनीं कधीं मनावर घेतला नाहीं.

१९७५ च्या कायद्यानें सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणें आपल्याकडे सक्तीचें झालें. ती ओळ डोळ्यांच्या इतकी सरावाची झाली कीं, ती असून नसल्यासारखीच होती. ३१ मे २००९ पासून चित्रें आलीं, आणि १ एप्रिल २०१६ पासून चित्र व इशारा मिळून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापूं लागले. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणींत सिगारेट ओढणाऱ्यांपैकीं सुमारें ६२ टक्के लोकांनीं सांगितलें कीं, ह्या इशाऱ्यामुळें सोडण्याचा विचार मनांत आला. २००९-१० च्या पाहणींत हें प्रमाण ३८ टक्के होतें. तेव्हां चित्रें निष्फळ आहेत असें कोणीं म्हणूं नये.

परंतु विचार येणें निराळें आणि तो टिकणें निराळें. श्मशानवैराग्य घरच्या उंबरठ्याशीं ओसरतें, तसेंच हें. बंधूंनीं तर चित्र टाळण्यासाठीं पानाच्या दुकानांतून सुट्या सिगारेटी घेण्यास प्रारंभ केला. सुट्या सिगारेटीवर इशारा नसतो. महाराष्ट्र शासनानें सप्टेंबर २०२० मध्यें सुट्या विक्रीस बंदी केली, तिचें कारणहि हेंच. पुढें एकदां घरीं आलेलें पाकीट त्यांच्या पांच वर्षांच्या नातवाच्या हातीं लागलें. “आजोबा, तुम्हांलाही असंच होणार का?” असें त्यानें विचारलें. बंधूंनीं उत्तर दिलें नाहीं. पण त्या दिवसापासून सिगारेट बंद केली. तो निश्चय चार दिवस टिकला. निद्रानाश, संताप, हातांस चाळा. पांचव्या दिवशीं पुनश्च धूर.

शास्त्रकार निषेधाबरोबर विधीहि सांगतात. ‘हें करूं नको’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘मग काय करूं?’ ह्यासहि उत्तर लागतें. १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनि-क्रमांक छापला जातो. आमच्या मतें त्या पाकिटावरील विधिवाक्य तें हेंच. भावजयीनें आग्रह धरला, आणि बंधूंनीं तेथें दूरध्वनि केला. समुपदेशकानें उपदेश केला नाहीं. तलफ केव्हां येते, एवढें विचारलें. चहानंतर व जेवणानंतर, हें बंधूंस प्रथमच स्पष्ट झालें. तलफ थोड्या मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यावें, फेरी मारावी, असें त्यानें सांगितलें. सोडण्याची तारीख ठरली. जेवणानंतरची फेरी मग आम्हीं दोघांनीं मिळून धरली.

मध्यंतरीं एका लग्नघरीं बंधूंनीं एक सिगारेट ओढली. घरीं येऊन त्यांनीं तें स्वतःच सांगितलें. घरांत कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं फेरी तेवढी थोडी लांबली. ह्या गोष्टीस आतां आठ महिने झाले. खिशांत लवंगांची डबी असते.

वाचकांच्या घरीं असा कोणी असेल, तर त्यास तें चित्र पुनःपुन्हां दाखवूं नये. तें त्यानें पाहिलेलेंच आहे. तो क्रमांक मात्र वाचून दाखवावा, आणि पहिले कांहीं आठवडे त्याची चिडचिड सर्वांनीं निमूटपणें सोसावी.