मुरडीचा कानवला

नोव्हेंबर. आईचा हयातीचा दाखला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि आपण हयात आहोत हे तिला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन सांगावं लागतं. त्यासाठी मी पुण्याहून कऱ्हाडला जाते.

या वेळी यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. "आजी, बोट पुसून ठेवा." तिने पदराला पुसलं. लाल दिवा. डावा अंगठा झाला, तर्जनी झाली, एकेक करत दहाही बोटं झाली. मी तिचा हात हातात घेऊन उजेडात धरला. अंगठ्याच्या पेरावर विळीने पडलेले बारीक काळे चरे आहेत, तव्याच्या धगीने निबर झालेली कातडी आहे, पण यंत्राला हव्यात त्या रेषा जवळजवळ नाहीतच. पंचावन्न वर्षांच्या भांड्यांनी, धुण्यांनी आणि भाकऱ्यांनी त्या झिजवल्या. याच हाताने माझी वेणी घातली, माझ्या दोन्ही बाळंतपणात शेगडी पेटवली, डिंकाचे लाडू वळले. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून काम झालं. डोळे मिटा, उघडा. ही चेहऱ्याची सोय २०२१ पासून आहे. घरात अंथरुणावर असलेल्या आया ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ती लक्षात ठेवावी.

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "मुलगा नाही आला?"

"लेक आलीय की," आई म्हणाली.

*

फॉर्मवर तिचं पूर्ण नाव मी लिहिलं. लिहिताना जाणवलं, हे तिचं पहिलं नाव नव्हे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं हे नाव. माहेरचं नाव निराळं होतं, चार अक्षरांचं. त्या नावाने तिला हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची आई, माझी आजी. आजी आली की स्वयंपाकघरातून ती हाक यायची आणि आई "ओ" द्यायची ती वेगळ्याच आवाजात, काहीशी हलकी होऊन. आजी २००३ साली गेली. त्यानंतर त्या नावाने आईला कोणी हाक मारलेली नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्रात, स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहितात. ही गोष्ट फार आधी व्हायला हवी होती.

*

"जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. मी चौपन्न वर्षांची आहे, तरी चपला घालताना चुकून "जाते गं" निघालं की आई दारातूनच दुरुस्त करते.

*

गौरी तीन दिवसांच्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. घरोघरच्या बायका त्यांना माहेरवाशीण म्हणतात, आणि माहेरवाशिणीचं करावं तसंच सगळं त्यांचं करतात. निघायच्या दिवशी कानवले असतात. कानवल्याची कड नुसती कातण्याने कापून चालत नाही, ती बोटांनी मुरडून घालावी लागते. लेक वळून, मुरडून पुन्हा घरी यावी म्हणून मुरड. सासरी निघालेल्या मुलीच्या शिदोरीतही मुरडीचा कानवला देतात तो याचसाठी.

आईने मला ही मुरड शिकवली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कडेची पारी अंगठ्याने किंचित उचलायची, दुमडायची, दाबायची, पुढे सरकायचं. घाई केली की तळताना उकलते आणि सारण तेलात उतरतं. आता माझ्या मुलीला मी शिकवते, आणि आई पाटावर बसून बघते. तिच्या बोटांना आता मुरड जमत नाही, सांधे आखडलेत. पण माझी एखादी कड कच्ची राहिली तर तिला लांबून दिसते.

*

मराठीत आईविषयी अमाप लिहिलं गेलंय, आणि ते बहुतेक मुलांनी लिहिलंय. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ सालची. आमच्या घरी तिची तीन पारायणं झाली असतील. लेकींनी आईविषयी म्हटलं ते जात्यावर, पहाटेच्या अंधारात, शेजारी बसलेल्या दुसरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आई आणि माहेर जागोजागी आहे. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि दळताना मोकळं होण्याची ती जागाही गेली. आज ती जागा फोनची आहे. दुपारी अडीच ते तीन, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका त्या अर्ध्या तासावर दिवस काढतात.

*

आता जे इतकी वर्षं लिहिलं नाही ते.

सव्वीस वर्षांची असताना मी एकदा बॅग घेऊन कऱ्हाडला आले. परत जायचं नाही असं ठरवून. कारणं इथे सांगत नाही, त्यातली माणसं आता थकलीत आणि त्यातलं बरंच काही पुढे निवळलं. आईने दार उघडलं, बॅग बघितली, काही विचारलं नाही. गरम पाणी काढून दिलं. दोन दिवस माझ्या आवडीचं केलं: मेथीची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, "उद्या सकाळची गाडी आहे. जमवून घे."

मी गेले. पण त्या "जमवून घे"ला मी पुढची वीस वर्षं धरून राहिले. फोन करायचे, सणाला जायचे, तिचं दुखलं-खुपलं बघायचे. पोटातलं मात्र तिला सांगणं बंद केलं. तिलाही कळत होतं. ती मला जास्तीचे लाडू बांधून द्यायची आणि मी घेऊन यायचे, एवढंच आमचं बोलणं.

वडील गेले त्या वर्षी, तेराव्यानंतर, आम्ही दोघी माळ्यावरची भांडी उतरवत होतो. मी विचारलं. अगदी एवढंच, "तेव्हा परत का पाठवलंस?" तिने हातातला पितळी डबा खाली ठेवला.

"माझ्या नावावर काय होतं गं? घर ह्यांचं, पगार ह्यांचा. ठेवून घेते तुला, असं म्हणायला घर माझं कुठं होतं?"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण एकदा गेले होते आईकडं. तिनंही तेच केलं."

*

आईने तिच्या भावांना हक्कसोडपत्र करून दिलं होतं. कोयनाकाठची थोडी जमीन. दुय्यम निबंधकाकडे सही करून आली त्या दिवशी मामीने तिची ओटी भरली, साडी दिली. मी चिडून विचारलं होतं की हिस्सा का सोडलास. "माहेरचं दार उघडं राहावं म्हणून," ती म्हणाली. आपल्याकडे हजारो बायकांनी असाच व्यवहार केलाय: जमीन सोडायची आणि वर्षातून दोनदा मानाने जेवायला जाता यावं एवढं पदरात घ्यायचं. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून, देशभर तो २००५ साली आला. पण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागणं आणि ते टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*

याहून मला जास्त लागलेलं कलम एक आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलं आणि नवरा यांचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. त्यानंतर तिच्या आईवडिलांचा. माहेरकडून वारसाने आलेली मिळकत वेगळी मोजतात, पण तिने स्वतः कमावलेली या रांगेतच जाते. म्हणजे नवरा-मूल नसलेल्या लेकीची पुंजी तिच्या आईकडे येण्याआधी सासूकडे, दीर-नणंदांकडे, तेही नसतील तर त्यांच्या मुलांकडे.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण निकालात निघालं. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा वारला, सासरच्यांनी हाकललं, आईबापांनी शिकवलं, नोकरी करून ती पायावर उभी राहिली आणि मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईने दावा केला. मालमत्ता गेली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने सांगितलं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कलम स्पष्ट आहे. मी तो निकाल दोनदा वाचला. त्या आईचं मला फार वाईट वाटतं. जिने वाढवलं, शिकवलं, कोसळलेली उचलून उभी केली, ती कायद्याच्या रांगेत इतकी मागे. हे कलम बदललंच पाहिजे.

*

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर, दोघी गायिका, मायलेकी. मोगूबाई १९०४ सालच्या, गोव्यातल्या कुर्डीच्या. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं. मोगूबाईंनी गाणं शिकावं ही त्यांच्या आईची, जयश्रीबाईंची, तळमळ. मोगूबाई लहान असतानाच त्या गेल्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, लवकर आलेलं वैधव्य, तीन मुलं, आणि पोटासाठी गावोगावच्या मैफली. छोटी किशोरी मागे तंबोऱ्यावर. बाई कलावंताला कसं वागवतात, कुठे उतरवतात, काय जेवायला घालतात, हे तिने तिथे बसून पाहिलं. किशोरीताई मानधनाबद्दल, वागणुकीबद्दल, श्रोत्यांच्या शांततेबद्दल इतक्या कडक का, असं लोक विचारायचे. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की आईचे हाल पाहिले होते. १९७४ साली आईला पद्मभूषण, १९८७ साली लेकीला.

मला या दोघींचा विचार येतो तो आईच्या त्या पितळी डब्याच्या दिवसापासून. मोगूबाईंकडे द्यायला स्वतःचं काही होतं. विद्या. ती द्यायला त्यांना घरात कोणाची परवानगी लागली नाही. आणि लेकीने नुसतं गाणं घेतलं नाही, आईला जो मान नाकारला गेला तोही वसूल केला.

*

'ए आई' आणि 'अहो आई'. या दोन हाकांमधलं अंतर प्रत्येक मराठी सुनेला माहीत आहे. ए आईशी भांडता येतं, ही तिची सगळ्यात मोठी सोय.

*

गेल्या पावसाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. गुडघ्यांमुळे कऱ्हाडचा जिना तिला चढवेना, आणि भाऊ बंगळूरला. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटीला तिकीट लागत नाही, २०२२ पासून. बायकांना २०२३ पासून अर्धं. आधार कार्ड पिशवीत वरच ठेवून ती एकटी आली.

तिच्या आईने नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घेतलं नव्हतं, अशी रीतच होती. त्या रीतीतली आई. पहिला आठवडाभर तिने बॅग उघडीच केली नाही. खाटेखाली ठेवून रोज त्यातून एक साडी काढायची, वाळलेली पुन्हा घडी करून त्यात ठेवायची. पंखा लावू का, म्हणून विचारायची. माझ्या नवऱ्यासमोर दुसरी पोळी घ्यायची नाही. "जावयाच्या घरी किती दिवस राहायचं?" हे रोज रात्री. "हे माझं पण घर आहे, आई," मी सांगायचे, कर्जाच्या हप्त्यातली निम्मी रक्कम माझ्या पगारातून जाते तेही सांगायचे. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, आणि १९८७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी आहे असं म्हटलं, हेही सांगून पाहिलं. कायद्याने तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

दहाव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर मसाल्याचा डबा उपडा. सगळ्या वाट्या घासून वाळत घातलेल्या. मोहरीच्या जागी जिरं, जिऱ्याच्या जागी हळद, तिच्या घरी असतं तसं. "कसला अवतार केला होतास डब्याचा," म्हणाली. रात्री बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती.

*

लेकीला आणि आईला, दोघींनाही कळकळीने सांगते. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना मिळायचंय त्यांना साक्षीदार करू नये. वाईट बोलायचं नसतं म्हणून हा विषय आपण आईपाशी काढत नाही. काढा. तिला विचारा, तुझ्या नावावर काय आहे, आणि तुझं काय व्हावं असं तुला वाटतं. स्वतः कमावत असाल तर आईचं नाव स्वतःच्या कागदावर घाला. नाहीतर कलम १५ आहेच.

आमचं कऱ्हाडचं घर वडिलांनी बांधलेलं. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे आई, भाऊ आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. आईने मृत्युपत्र करून आपला तिसरा हिस्सा आम्हा दोघांना निम्मा-निम्मा दिला. भावानेच तिला फोनवर मजकूर समजावून सांगितला. फुलस्केप कागदावर, तिच्या स्वतःच्या अक्षरात, दोन दुपारी बसून. नावाच्या जागी तिने 'ऊर्फ' लिहून माहेरचंही नाव घातलं. शेवटी एक ओळ कोणी न सांगता तिने आपली आपण लिहिली: माझ्या लेकीला आणि नातीला या घरात केव्हाही येऊन, हवं तितके दिवस राहता यावं.

साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघींनी सह्या केल्या.