डावखुरा

धानकटाई उरकली की बोदलकसा तलावाकडे जाताना वाटेतल्या बांध्या मोकळ्या दिसतात. पायाखाली धसकटं, पाण्यावरून येणारा गार वारा, पलीकडे जंगलाने भरलेल्या टेकड्या आणि हिवाळ्यापुरती उतरलेली बदकं. अशाच एका बांधीत पोट्टे क्रिकेट खेळत होते. बॅट एकच. ज्याची बॅट, तो जागचा हलत नव्हता आणि एक बारका डावखुरा पोरगा त्याला चेंडू टाकत होता. टाकतच होता.

मला डावखुरे गोलंदाज पालवणकर बाळू आठवले.

1876 साली जन्मलेले बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात रूळ फिरवायचा, नेट बांधायचं, ही त्यांची नोकरी. पगार महिना चार रुपये. क्लबातले कॅप्टन ग्रेग सगळ्यांच्या आधी सरावाला येत आणि बाळू त्यांना तासन्‌तास चेंडू टाकत. साहेब बाद झाला की आठ आणे बक्षीस, असं सांगतात. त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. माझं मन या एका गोष्टीपाशी सारखं अडतं. इतके चेंडू टाकणाऱ्या माणसाला कधीतरी वाटलंच असेल ना, आपणही तिकडे उभं राहून पाहावं!

जिंकायचं म्हणून हिंदू क्लबाने त्यांना घेतलं. त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलत, पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा डावा हात होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडमध्ये सामन्यामागून सामना हरत असताना या एकट्याने शंभरावर बळी घेतले. वय पस्तीस.

तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांच्याकडे आलं नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली मिळालं आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. तो मान आधी बाळूंचा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

ऊन कलत आलं. डावखुऱ्याचा एक चेंडू धसकटावर पडून झर्रकन आत वळला आणि विटांचा स्टंप ढासळला.

"ट्रायल होता बे!" बॅटवाला ओरडला.

पोरगा काही न बोलता चेंडू घेऊन मागे गेला.

तुमच्या गावच्या बांधीत असा पोरगा दिसला तर घटकाभर थांबा, आणि त्याच्या हाती बॅट द्या.