पात्याची अर्गला

जाड तें टिकाऊ आणि जड तें भरंवशाचें, असा वस्तु पारखण्याचा आपला सरधोपट हिशेब असतो. घडीच्या चाकूंच्या बाबतींत हा हिशेब किती अपुरा आहे, तें गेल्या कांहीं वर्षांत माझ्या ध्यानांत आलें. शब्दांच्या व्युत्पत्ति सांगण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें चाकूवर लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयाचा संबंध आमच्या घरांतील एका बोटाशीं आहे.

माझे धाकटे बंधु आप्पा तरुणपणीं पेटी उत्तम वाजवीत. एके दिवशीं चामड्याच्या पट्ट्यास चाकूच्या टोकानें ते भोंक पाडीत होते. टोक रुतलें, हात पुढें रेटला गेला आणि पातें उलट फिरून मुठीवरील तर्जनीवर मिटलें. जखम भरली, पण आंतील स्नायुबंध तुटल्यामुळें तें बोट पुनः नीट वांकलें नाहीं. पेटी माळ्यावर गेली. चाकू चांगल्या कारागिराच्या हातचा होता, धारहि उत्तम होती. उणें एकच होतें; उघडलेल्या पात्यास अर्गला नव्हती.

ज्या घरांत सप्तशतीचा पाठ होतो तेथें कवच, अर्गला आणि कीलक हे तीन शब्द मुलांच्याहि कानांवरून गेलेले असतात. कवच म्हणजे चिलखत, अर्गला म्हणजे दाराचा अडसर, कीलक म्हणजे खीळ. घडीच्या चाकूचीं तीन अंगें याच नांवांनीं सांगतां येतील. पातें ज्या खिळीभोंवतीं फिरतें तें कीलक. त्यास पोटांत घेणारी मूठ तें कवच. आणि उघडलेलें पातें मिटूं न देणारी कळ ती अर्गला. साध्या चाकूंत ही तिसरी वस्तु नसतेच. मुठीच्या पाठीशीं असलेली स्प्रिंग पात्याचें बूड दाबून धरते, एवढेंच. कार्ल एल्सनर यांचा १८९७ सालचा प्रसिद्ध स्विस चाकू मुळांत याच जातीचा. फळ चिरण्यास हा दाब पुरतो. टोकानें भोंक पाडतांना पुरत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत यंत्रशास्त्राचा व्यवसाय करतो. त्यास उंची चाकूंचा शौक आहे. घरीं येतो तेव्हां एकदोन चाकू बरोबर आणतो आणि पाटावर वस्त्र पसरून एकेक उलगडून दाखवितो. माझें या विषयांतील अध्ययन तें एवढेंच.

फ्रान्समधील ओपिनेलचा लांकडी मुठीचा चाकू त्यानें प्रथम दाखविला. १९५५ सालीं मार्सेल ओपिनेल यांनीं त्याच्या गळ्याशीं पोलादाचें फिरतें कडें बसविलें. पातें उघडून कडें फिरविलें कीं कड्याची फट बाजूस सरते व पात्याची परतीची वाट बंद होते. कडें थोडें झिजलें तर किंचित् अधिक फिरवावें, काम भागतें.

अमेरिकेंतील बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूनें १९६४ पासून पाठीवरची कळ लोकप्रिय केली. मुठीच्या पाठींत एक दांडी असते. तिचा दांत पात्याच्या बुडांतील खांचेंत बसतो. ही कळ भरंवशाची खरी. पण दांत व खांच झिजलीं कीं पातें वरखालीं डुलूं लागतें. अँड्र्यू डेम्को यांनीं काढलेली तोड कोल्ड स्टील कंपनीच्या चाकूंत दिसते. पातें व दांडी यांच्यामध्यें त्यांनीं एक आडवी पोलादी खीळ घातली. त्यामुळें पात्यावरचा भार दांडीवर न राहतां खिळीवाटे मुठींत उतरतो. शिवाय दांडी ज्या आंसावर डुलते त्याचें भोंक त्यांनीं किंचित् लांबट ठेविलें; झीज होईल तसतशी दांडी सरकून पुनः घट्ट बसते.

याच विचाराचें सर्वांत सुबक रूप मला मुठीच्या आंतील पट्टीच्या कळींत दिसलें. ही कल्पना जुनी. मायकेल वॉकर यांनीं १९८० च्या सुमारास तिला आजचें रूप दिलें. मुठीच्या धातूच्या अस्तराचीच एक पट्टी कापून आंत वांकविलेली असते. पातें पुरतें उघडतांच ती आपोआप त्याच्या बुडामागें येऊन उभी राहते. १९८९ सालीं दक्षिण आफ्रिकेंतून अमेरिकेंत गेलेले क्रिस रीव्ह यांनीं पातळ अस्तराऐवजीं मुठीची जाड टिटॅनिअमची बाजूच कळ बनविली. त्यांच्या चाकूचें नांव ‘सेबेंझा’. झुलू भाषेंत याचा अर्थ काम. त्याची किंमत चारशें डॉलरांहून अधिक, हें ऐकून माजघरांतून कोणीतरी म्हणालें, “एवढ्यांत आमच्या विळ्या सात पिढ्यांना पुरतील!”

त्या किमतीचें मर्म पात्याच्या बुडाशीं आहे. बूड सरळ न कापतां त्यास कांहीं अंशांचा उतार देतात. पट्टी त्या उतारावर पाचरेसारखी बसते. नव्या चाकूंत ती उताराच्या आरंभाजवळच थांबते. झीज झाली कीं थोडी पुढें सरते आणि पूर्वीइतकीच घट्ट बसते. ती सरत सरत पलीकडच्या बाजूस टेकली म्हणजे कळीचें आयुष्य सरत आलें असें समजावें. टिटॅनिअम हलकें असतें, गंजत नाहीं. परंतु कठीण पोलादापुढें तें मऊ पडतें व घासतांना त्यास चिकटूं पाहतें. म्हणून कित्येक कारागीर पट्टीच्या टोकास पोलादाचा बदलतां येणारा तुकडा लावतात. २०१९ सालच्या ‘सेबेंझा ३१’ मध्यें तेथें सिरॅमिकची अतिशय कठीण गोळी आहे.

मीं विचारलें, “इतक्या मोलाची वस्तु झिजावीच कां?”

तो म्हणाला, “गुरुजी, झीज ही व्हायचीच. तिला आधीं जागा करून ठेवणें हेंच कारागिराचें काम.”

गेल्या वर्षीं आप्पांच्या नातवास सह्याद्रींतील गड हिंडण्याचा नाद लागला आणि तो चाकू मागूं लागला. घरांत दोन पक्ष पडले. ज्या वस्तूनें घरची पेटी मुकी केली ती पुनः नको, असें आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें, आणि तें अवास्तव नव्हतें. शेवटीं निर्णय आप्पांवरच सोंपविला. विद्यार्थ्यानें स्वतः दहा वर्षें वापरलेला एक टिटॅनिअमचा चाकू आमच्याकडे ठेविला होता. आप्पांनीं तो खिडकीशीं नेला. पट्टी उताराच्या मध्याच्या अलीकडे उभी होती. त्यांनीं पातें वरखालीं, डावीउजवीकडे हलवून पाहिलें. तें तिळभर हललें नाहीं. मग नातवाच्या हातीं देऊन म्हणाले, “घे बाळ. पण भोंक पाडायचें असेल तेव्हां आरी घे.”

घरांत असा चाकू असेल त्यांनीं आप्पांची हीच परीक्षा वर्षांतून एकदां करावी. कळीच्या खांचेंत वाळू वा कापसाचे तंतु सांचूं देऊं नयेत. एवढ्यानेंहि कळ पुरती बसत नाहीं. कीलकास तेलाचा एक थेंब पुरे. कळ पक्की आहे कीं नाहीं तें पाहण्यासाठीं पात्याची पाठ टेबलावर आपटूं नये. त्यानें चांगली कळहि बिघडते. आणि कळ असली तरी बोटें अशीं धरावीं कीं जणूं ती नाहींच.

या दिवाळींत आप्पांनीं तो चाकू पुनः पाहिला. पट्टी गेल्या वर्षीं होती तेथेंच आहे.