बिल नसलेल्या डोळ्याची भरपाई

ग्राहकांना तक्रारीचे कागद लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. कोणी समोर येऊन बसलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बिल आहे का? फ्रिज बिघडला, कुरिअर हरवलं, विमा कंपनीनं दावा फेटाळला, अशा कामांत हा प्रश्न रास्तच असतो. पण दुकानात डोळा भाजला असेल तर हाच प्रश्न माणसाला दारातून परत पाठवतो. संडास साफ करायच्या द्रवाची बाटली फळीवरच गळत असते आणि ती उचलताना थेंब डोळ्यात उडतो. तुंबलेला पाइप मोकळा करायच्या पावडरीचं पाकीट वरच्या फळीवरून पडून फाटतं. गल्ल्याजवळ लटकवलेली चुन्याची पुडी लहान मुलाच्या मुठीत दाबली जाते आणि फुटते. या तिन्ही प्रसंगांत पैसे अजून दिलेले नसतात, म्हणून बिलही नसतं. माझ्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. दुकानदाराची जबाबदारी बिल झाल्यावर सुरू होत नाही. माल फळीवर मांडून लोकांना आत बोलावलं, त्या क्षणी ती सुरू होते, आणि कायद्यानं हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवं.

इजा किती गंभीर असते हे आधी नीट समजून घेऊ, कारण ‘डोळ्यात काहीतरी उडालं’ या शब्दांमुळे तिचं गांभीर्य हरवतं. संडास साफ करायच्या द्रवात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्लानं डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाला आत शिरायला काही प्रमाणात अटकाव होतो. अल्कलीचं तसं नाही. पाइप मोकळा करायच्या पावडरीतला कॉस्टिक सोडा आणि खायचा चुना पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत बुबुळाच्या आतपर्यंत उतरतात. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसले तर वरवर डोळा धुतल्यानंतरही आत भाजणं चालूच राहतं. म्हणून डॉक्टर पापणी उलटी करून कापसाच्या बोळ्यानं एकेक कण काढतात, खालच्या पापणीच्या खाचेत पीएच मोजायची कागदी पट्टी टेकवतात आणि तिचा रंग सातच्या आसपास येईपर्यंत सलाईन सोडत राहतात. बुबुळाच्या कडेला ज्या मूळपेशी असतात त्या मेल्या तर बुबुळ पांढरं पडतं. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झालेल्या आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीनं चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा काढून भाजलेल्या डोळ्यावर लावता येतो, पण त्यासाठी दुसरा डोळा तरी शाबूत असावा लागतो. चुन्याच्या पुड्यांचा लहान मुलांना असलेला धोका दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. म्हणजे हा धोका कोणाला माहीत नव्हता, असं आता म्हणता येत नाही.

ज्याच्या हातात बिल आहे, त्याला आजचा कायदा बरंच काही देतो. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० रोजी लागू झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणात वस्तूंमुळे होणाऱ्या इजेची जबाबदारी प्रथमच वेगळी मांडली आहे. झाकण सदोष असेल, बाटलीची रचनाच चुकीची असेल किंवा पुरेशी सूचना नसेल तर उत्पादक जबाबदार ठरतो. विक्रेत्याची जबाबदारी मर्यादित असली तरी ती आहे : मालाच्या तपासणीत आणि देखभालीत त्यानं वाजवी काळजी घेतली नाही, उत्पादकाची धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर भरपाई विक्रेत्याकडून मागता येते. दावा जिल्हा ग्राहक आयोगात, तोही तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. कोणता आयोग हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, आणि ती किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. शंभर रुपयांच्या बाटलीनं डोळा गेला आणि दहा लाख मागितले तरी फी शून्यच. दोष प्रयोगशाळेत तपासून घ्यायची सोयही कायद्यात आहे. मुदत मात्र दोन वर्षांची.

अडचण ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. पैसे देऊन, किंवा देण्याचं कबूल करून वस्तू घेणारा तो ग्राहक, आणि त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणाराही ग्राहक. आता एकाच दुकानात, एकाच गळक्या बाटलीमुळे तिघांचे डोळे भाजले असं समजा. पहिला माणूस दुकानातला कामगार. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकाची चूक सिद्ध न करता मिळावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३च्या कायद्यापासून मान्य आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमाईची क्षमता चाळीस टक्के घटली, असं धरलेलं होतं. दुसरा माणूस ती बाटली विकत घेऊन बाहेर पडलेला. त्याला ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. तिसरी व्यक्ती बाटली नुसती पाहत होती, किंवा आईचा हात धरून रांगेत उभी होती. तिच्या बाबतीत दुकानदाराचा वकील पहिल्या तारखेलाच उभा राहून सांगतो की ही व्यक्ती ग्राहकच नाही. द्रव तोच, जखम तीच, पण तिघांचे हक्क वेगळे. त्यातही सगळ्यांत कमजोर हक्क बहुधा सगळ्यांत लहान व्यक्तीच्या वाट्याला येतो, कारण फळीची खालची बाजू तिच्या तोंडासमोर असते.

पैसे न दिलेल्या माणसाबद्दल आपल्या कायद्याला काही वाटतच नाही, असं मात्र नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा साधारण ऐंशी वर्षांचा होता आणि त्यात वापरलेल्या मसाल्याचा विचार करता बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. अशी वास्तू आपोआप पडते, यातच निष्काळजीपणा दिसतो, असं न्यायालयानं म्हटलं. मेलेल्यांनी महापालिकेकडून काय विकत घेतलं होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेतली विषारी फळं खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं महापालिकेविरुद्धचा दावा चालण्याजोगा मानला, कारण झुडपाला पुरेसं कुंपण नव्हतं आणि मुलाला कळेल अशी सूचनाही नव्हती. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१मध्ये आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानं तर धोकादायक रसायनांमुळे इजा झालेल्या त्रयस्थांना चूक सिद्ध न करता मदत देऊ केली. त्यातली रसायनांची मर्यादा मोठ्या साठ्यांसाठी असल्यानं दुकानाची फळी त्यात बसत नाही एवढंच. १९९८च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयाचे पैसे भरणारे आई-वडील आणि उपचार घेणारं मूल, दोघांनाही ग्राहक मानलं. तत्त्व जागोजागी आहे, ते फक्त दुकानाच्या दारापर्यंत आणायचं राहिलं आहे.

यावर वकील मंडळी सांगतात की नवा कायदा कशाला, दिवाणी न्यायालय आहेच. आहे, आणि निष्काळजीपणाचा दावा तिथे करताही येतो. पण तिथे मागणीच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते, वकील लावावा लागतो, आणि दुकानदाराला बाटली गळते हे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, हे जखमी माणसानं सिद्ध करायचं असतं. ते सिद्ध करणारा सगळा पुरावा दुकानदाराच्या ताब्यात : सीसीटीव्हीचं फुटेज, माल लावल्याची नोंद, फरशी पुसल्याची वेळ, आणि ती बाटली. फुटेजवर काही दिवसांत नवं चित्रण चढतं. बाटली त्याच संध्याकाळी कचऱ्यात जाते. ज्याचा डोळा भाजला आहे तो तेव्हा पट्टी बांधून दवाखान्यात असतो. पुरावा एकाच्या हातात आणि सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर, अशा व्यवस्थेला रस्ता मोकळा आहे असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप लहान दुकानदाराचा, आणि तो मी हलका मानत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला एका दाव्यात बुडेल, ही भीती खरी आहे. पण त्याचं उत्तर भाजलेल्या माणसाला हाकलून देणं हे नव्हे. उत्पादकानंच सदोष झाकण बसवलं असेल तर मुख्य भार उत्पादकावर पडावा, असंच कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं. राहिला दुकानदाराचा स्वतःचा वाटा. आग आणि चोरीबरोबर गिऱ्हाइकाला होणाऱ्या इजेचा विमा दुकानासाठी घेता येतो. शिवाय काळजी घ्यायला फार पैसे लागत नाहीत. दाहक माल छातीच्या उंचीच्या वर पण डोक्याच्या खाली ठेवायचा, त्याला कठडा असलेली वेगळी फळी द्यायची, रोज सकाळी झाकणं तपासायची, चुन्याच्या पुड्या गल्ल्यावरून काढून आत ठेवायच्या आणि मागितल्यावरच द्यायच्या. यातलं काहीच न करणारा दुकानदार आणि सगळं करूनही अपघात झालेला दुकानदार, या दोघांत फरक करायला आयोग समर्थ आहे.

तिसरा आक्षेप पालकांवर बोट ठेवतो : मुलाला आवरायला नको का? आवरायला हवं. कायद्यातही वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, आणि जो धोका सगळ्यांना उघड दिसतो त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. पण फळीवरून बाटली उचलून पाहणं हा गैरवापर कसा? स्वयंसेवेच्या दुकानाचा सगळा व्यवहारच गिऱ्हाइकानं हात लावून माल पाहावा यावर चालतो. ज्या सवयीवर धंदा उभा आहे, तिलाच नंतर दोष देता येणार नाही. मुलांचं तर आणखी वेगळं. पुडी दाबून पाहावी हे चार वर्षांच्या मुलाला वाटणारच, आणि ते वाटणार हे पुडी त्याच्या हाताच्या उंचीवर टांगणाऱ्यालाही कळतं. लेबलवर सूचना छापली आहे, एवढं म्हणून सुटता येत नाही. बारीक इंग्रजी अक्षरातली सूचना वाचता न येणाऱ्या माणसासाठी ती नसल्यासारखीच.

खोट्या दाव्यांची भीतीही घातली जाते. या बाबतीत डोळा मोठा विश्वासू साक्षीदार आहे. रसायनानं भाजलेल्या बुबुळाचं चित्र नेत्रतज्ज्ञ दिव्याखाली पाहून नोंदवतो, किती भाग पांढरा पडला आणि कडेचा किती भाग मेला यावरून श्रेणी लिहितो. ही श्रेणी लावायची पद्धत १९६०च्या दशकापासून वापरात आहे. पीएचची नोंद केस पेपरवर असते. असा पुरावा घरी बसून तयार करता येत नाही. उलट नुकसान कमी लेखलं जातं, हीच माझी तक्रार आहे. सरकारी दिव्यांगत्वाच्या निकषांत दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा पूर्ण गेला तर तीस टक्के दिव्यांगत्व मिळतं, आणि आरक्षणासारख्या बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. त्यामुळे एक डोळा गमावलेल्याला नुकसानभरपाई हाच मुख्य आधार उरतो.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. संसदेनं ग्राहकाच्या व्याख्येत, निदान सहाव्या प्रकरणापुरतं, विक्रीसाठी खुल्या जागेत आलेल्या प्रत्येक व्यक्तीला घ्यावं. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तूंबाबत सुरक्षा सूचना काढण्याचा जो अधिकार आहे, तो वापरून चुन्याच्या पुड्या आणि दाहक साफसफाईच्या मालाची मांडणी कशी असावी हे सांगावं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी खटल्यात अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची अट घातली. तेव्हा प्रश्न अ‍ॅसिड फेकून होणाऱ्या हल्ल्यांचा होता, पण दुकानाच्या गल्ल्यापर्यंत नियम पोचवता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

कायदा बदलेपर्यंत वाचकांना एवढंच सांगतो. दुकानात कोणाच्या डोळ्यात काही उडालं तर भांडत बसू नका. आधी डोळा वाहत्या स्वच्छ पाण्यानं किमान वीस मिनिटं धुवा, पापण्या बोटांनी उघड्या धरा, आणि मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. सोबतच्या माणसानं ती बाटली किंवा पुडी पिशवीत घालून ताब्यात घ्यावी, शक्य असेल तर तेव्हाच ती विकत घेऊन बिल घ्यावं, फळीचा फोटो काढावा आणि सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवण्याची मागणी लेखी देऊन पोच घ्यावी. दवाखान्यात इजा कुठे आणि कशी झाली हे केस पेपरवर लिहून घ्या, आणि बिल नाही म्हणून तक्रार करायचं टाळू नका. असे दावे आयोगासमोर गेल्याशिवाय व्याख्येतली ही उणीव कोणाच्या लक्षात येणार नाही.